आधण उतरेपर्यंत: गुऱ्हाळावरच्या दुखापती कुठे होतात, कशा टळतात

दिवाळी उलटली की करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या पट्ट्यात चुलवाणं, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या चुली, पेटायला लागतात. त्याआधीचे दिवस आमच्या कामाचे. आमच्यात एक घाण्याचा फिटर आहे, एक फिजिओथेरपिस्ट आहे, एक प्रथमोपचार शिकवणाऱ्या परिचारिका आहेत. गुऱ्हाळ बंद असताना आम्ही यंत्र, जमीन आणि चुलवाण बघतो. चालू झालं की पहिल्या आधणाबरोबर (आधण म्हणजे एका वेळी आटवायला घेतलेला रस) उभे राहतो: ऊस गाडीतून उतरल्यापासून रवा, म्हणजे गुळाची ढेप, टेम्पोत चढेपर्यंत. हातात यादी घेऊन फिरण्यापेक्षा हे चांगलं, कारण दुखापत यंत्राच्या एखाद्या भागात नसते, कामाच्या क्रमात असते. कुठल्या क्षणी कुणाचा हात कुठे आहे, पाय कशावर आहे आणि त्या वेळी घाई कुणाला आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अपघात होतो. त्या जागा प्रत्येक गुऱ्हाळावर जवळपास त्याच असतात.

मालक आणि गडी दोघेही आम्हाला एकच उत्तर देतात: "जपून करतोय की." आमचं म्हणणं इतकंच आहे की जपून करणं हा उपाय नव्हे. रात्री तीनला, चौथ्या आधणाला, डोळ्यांत धूर गेलेला असताना कुणीही जपू शकत नाही. उंची बदला, अंतर बदला, पाण्याचं पिंप हलवा; मग माणूस दमलेला असला तरी वाचतो.

उसाच्या फडाबद्दल थोडक्यात. पाल्याची धार कातडी चिरते, त्यासाठी लांब बाह्यांचा सुती शर्ट पुरतो. पण पाचटाचं टोक डोळ्याला लागणं ही हलकी गोष्ट नाही. बुबुळावर खरचटतं आणि वनस्पतीची घाण आत गेल्यामुळे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तो आठवड्याभराने दिसतो: डोळा लाल, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका. अशा वेळी मेडिकलमधून आणलेले, घरात उरलेले डोळ्यांचे थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी फोफावते आणि नजर जाते. डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. साधा प्लास्टिकचा पारदर्शक चष्मा हे टाळतो. कोयत्याचे वार बहुतेक डाव्या हाताच्या बोटांवर आणि पुढच्या नडगीवर येतात. बोथट कोयता जास्त घातक, कारण तो उसावरून सटकतो. साप चावला तर आवळून बांधणं, चीर देणं, चोखणं यांपैकी काहीही करायचं नाही. अंगठी, कडं काढून टाकायचं, तो अवयव लाकडी पट्टी लावून हलू न देता ठेवायचा आणि माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

आता घाणा. गुऱ्हाळावरचा हात इथे जातो.

तीन रोलरचा घाणा विजेच्या मोटारीवर आणि पट्ट्यावर चालतो. ऊस घालणारा गडी एका वेळी दोन-तीन ऊस रोलरच्या तोंडात देतो. वेग कमी असल्यामुळे घाणा निरुपद्रवी वाटतो. पण रोलर एकदा पकडला की सोडत नाही आणि माणसाची ताकद त्याच्यापुढे चालत नाही. आम्ही पहिल्यांदा मोजतो ते ऊस घालायच्या पन्हाळीची लांबी. यंत्रसुरक्षेचं साधं माप असं आहे: तोंडाची फट १२० मिलिमीटरपर्यंत असेल, तर तोंडापासून रोलरच्या चिमटीपर्यंत किमान ८५० मिलिमीटर अंतर हवं. मोठ्या माणसाचा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी बोटं रोलरला पोचत नाहीत, असं हे अंतर आहे. बहुतेक ठिकाणी पन्हाळ एक-दीड फुटाची असते, किंवा होती ती काढून ठेवलेली असते. ती काढण्याचं कारण आम्हाला दर वेळी एकच सांगतात: वाकडा ऊस आत जात नाही. कारण खरं आहे. म्हणून पन्हाळ परत बसवण्याआधी वाकड्या उसाची सोय करावी लागते. घाण्यापासून चार पावलांवर एक लाकडी ठोकळा ठेवायचा, मोळी सोडणाऱ्या गड्याने वाकडा ऊस तिथेच दोन तुकडे करून पुढे द्यायचा. हे झालं नाही तर पन्हाळ आठवड्यात पुन्हा निघते, हे ठरलेलं.

दुसरी गोष्ट बसण्याची. काही जुन्या घाण्यांवर ऊस घालणारा जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवा बसतो. बसलेल्या माणसाला मागे झोक देता येत नाही. बाही अडकली तर तो पुढेच ओढला जातो. यंत्राचा पाया उंच करून तोंड कमरेच्या उंचीला आणलं की माणूस उभा राहतो, पाय मागे टाकू शकतो. उभं राहायला कोरडी, खाचा पाडलेली फळी हवी. सांडलेला रस आणि चिपाडाचा (पिळून उरलेल्या उसाचा) चुरा मिळून घसरडी होणारी फरशी तिथे नको. मफलर, उपरणं, सैल बाही, मनगटाला बांधलेला गंडा, हातातलं कडं हे सगळं घाण्याजवळ येण्याआधी निघालं पाहिजे. हातमोजेही नकोत. फिरत्या रोलरजवळ हातमोजा हा हात आत ओढणारा दोर आहे.

तिसरी गोष्ट थांबवण्याची. मुख्य स्विच भिंतीवर, गड्याच्या पाठीमागे, आठ-दहा फुटांवर असतो. ज्याचा उजवा हात अडकला आहे त्याला तो कसा लागणार? म्हणून लाल बटण किंवा ओढायची दोरी गड्याच्या गुडघ्यासमोर हवी, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असले तरी गुडघ्याने यंत्र बंद करता येतं. बटण दाबल्यावर चाक किती फेरे घेतं ते आम्ही खडूने खूण करून मोजतो. जड चाक वीज तोडली तरी फिरत राहतं. त्या उरलेल्या फेऱ्यांत हात कोपरापर्यंत जाऊ शकतो. ब्रेक असलेली मोटार किंवा चाकावर ब्रेक-पट्टी लावली की हे फेरे कमी होतात. पट्टा आणि गिअर यांवर तारेची जाळी घट्ट बोल्टने बसवलेली हवी. नुसती टेकवलेली जाळी दुसऱ्या दिवशी ऊस झाकायला जाते. जागा ओली, पाय अनवाणी, म्हणून मोटारीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. चिपाड अडकलं, रोलर धुवायचा, खरवडायचा असेल तर स्विच बंद करणं पुरेसं नाही. फ्यूज काढून, काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायचा. दुसऱ्या कुणीतरी 'बंद का आहे' म्हणून चालू केलं, असे अपघात याच एका सवयीने टळतात.

तरीही हात अडकलाच, तर काय करायचं ते आधी सगळ्यांना करून दाखवावं लागतं, कारण त्या क्षणी सगळे चुकीची गोष्ट करतात: हात धरून ओढतात. ओढल्याने हातमोजा काढावा तशी कातडी सोलून निघते आणि जो हात वाचला असता तो जातो. क्रम असा. मोटार बंद, फ्यूज बाहेर. एकाने चाकात लाकडी पाचर घालून ते पुढे जाणार नाही असं अडवायचं. दुसऱ्याने रोलरवर दाब देणारे बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे सैल करायचे. त्यासाठी त्याच मापाचा पाना घाण्यालाच साखळीने बांधलेला हवा. हा पाना घरी गेला असेल तर बाकी सगळी तयारी फुकट आहे. बोल्ट सैल झाले की रोलरमध्ये फट पडते आणि हात अलगद निघतो. मोटार उलटी फिरवून हात काढायचा प्रयत्न करायचा नाही. उलट्या फेऱ्यात तोच हात पुन्हा चिरडतो. हे चालू असताना तिसऱ्याने १०८ ला फोन केलेला असला पाहिजे.

हात निघाल्यावर रक्त. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सरळ दाब, दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. दर अर्ध्या मिनिटाला बघितलं की धरलेली गाठ सुटते. हात छातीच्या वर. दाबूनही रक्त धारेने येत असेल तरच टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायची पट्टी: जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, किमान दीड इंच रुंद पट्टी. सुतळी किंवा तार वापरू नये, ती मांस कापते. बांधल्याची वेळ पेनाने पट्टीवर लिहायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सोडायची नाही. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचं, ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात आणि जोडणी होत नाही. मनगट किंवा त्यावरचा भाग तुटला असेल तर स्नायू सहा तासांनंतर टिकत नाहीत. त्यामुळे जोडणीची शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच थेट जायचं असतं. ते ठिकाण आणि त्याचा नंबर हंगामाआधी विचारून भिंतीवर लिहून ठेवावा.

रस मांदाणातून (रस साठवायच्या भांड्यातून) काहिलीत, म्हणजे आटवायच्या मोठ्या कढईत जातो. आधणाला हजार लिटरच्या आसपास रस, आणि गुळव्या मामांच्या (गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या) हाताखाली तो अडीच-तीन तास आटतो. खाली चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या, म्हणजे जाळ घालणारा गडी, बसलेला असतो. त्याच्या दुखापती कुणी मोजत नाही, कारण त्या एकदम होत नाहीत. तोंडावर थेट झळ, पाठीमागे थंडीची हवा, पाय दुमडलेले, एकाच खांद्याने चिपाड ढकलणं. बसायला नऊ-दहा इंच उंचीचा पाट दिला तरी गुडघ्यांवरचा ताण बराच उतरतो. दर आधणाला हात बदलून ढकलायची सवय लावावी. चुलवाणाच्या तोंडाला पत्र्याचं झाकण लावलं आणि ढकलायचा दांडा लांब केला की झळ कमी होते. पाणी तहान लागल्यावर पिऊन भागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, आणि घाम धो-धो असेल तर मधून एक ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात. चक्कर, मळमळ, पायांत गोळे आले तर सावलीत, आडवं, पाय वर. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. अशा वेळी गाडीची वाट बघत बसायचं नाही. कपडे काढून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवायची. आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पॉलिस्टरचा शर्ट चुलवाणाजवळ नको. ठिणगीने तो वितळून कातडीला चिकटतो. सुती कापड जळतं पण चिकटत नाही. चिपाडाच्या ढिगाचीही एक गोष्ट आहे. भिजलेलं, आतून गरम झालेलं, पांढरट बुरशी आलेलं चिपाड उकरलं की धूळ उठते. चार-सहा तासांनी, म्हणजे माणूस घरी गेल्यावर, ताप, खोकला, छाती भरल्यासारखं वाटणं सुरू होतं. लोक त्याला थंडीताप समजतात. पुन्हा पुन्हा झालं तर फुप्फुस कायमचं कडक होतं. तोंडाला बांधलेला टॉवेल ही बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो. सगळ्यात चांगला उपाय चिपाड नीट वाळवून उंचवट्यावर, झाकून रचणं. कोरडं चिपाड जाळायलाही सोपं.

काहिलीच्या काठावर भेंडीचा रस पडतो, मळी वर येते, झाऱ्याने ती काढली जाते. मळी सांडते आणि कठडा बुळबुळीत होतो. काहिलीचा काठ जमिनीपासून फारसा उंच नसलेली गुऱ्हाळं अजून आहेत. तिथे पाय सटकला तर माणूस काठावर अडखळून आत पडतो. कठड्याच्या आतल्या बाजूला किमान गुडघ्याएवढी भिंत आणि मळी काढायची जागा सोडून बाकी घेर कमरेएवढ्या पाइपने बंद करावा. मळीची बादली गड्याच्या मागे नको, बाजूला हवी, म्हणजे वळताना पाऊल काहिलीकडे पडत नाही. हंगामात पाहुणे येतात, रस आणि गरम काकवी घ्यायला लेकरं येतात. त्यांच्यासाठी बांबूची आडवी फळी टाकून हद्द आखावी आणि काकवी बाहेर आणून द्यावी. "बाळांनो, पुढे जाऊ नका" असं ओरडत राहून गुळव्याचं लक्ष उडतं.

रस साफ करायला चुना वापरतात. चुन्याचा खडा पाण्यात टाकला की तो तापतो, उसळतो, आणि निवळी ढवळताना थेंब डोळ्यात उडतो. चुना डोळ्यात जाणं हा गुऱ्हाळावरचा सगळ्यात कमी लेखला जाणारा अपघात आहे. क्षार डोळ्याच्या आत-आत खात जातो. सुरुवातीला दुखणं थोडं आणि नुकसान मोठं, असं होतं. आधी पापणीवर दिसणारे कण कोरड्या कापडाने झटकायचे, मग वाहत्या पाण्याखाली डोळा अर्धा तास धुवायचा, पापणी उलटवून. घड्याळ लावायचं, कारण तीन-चार मिनिटांनी माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय. धुणं चालू ठेवतच दवाखान्यात न्यायचं. जिथे गूळ उजळ दिसावा म्हणून हायड्रॉस या रसायनाची पावडर अजून वापरतात तिथे तिचा डबा कोरड्या जागी, घट्ट झाकणाचा, चुलवाणापासून लांब हवा. ओल लागली की ती तापते, छातीत कोंडणारा गंधकाचा वायू सोडते आणि पेटूही शकते. ओला हात डब्यात घालायचा नाही.

आधण पक्व होताना पाक ११८ अंशांच्या आसपास जातो. गोळी बघायला, म्हणजे पाक झाला का ते तपासायला, गुळव्या बोट थंड पाण्यात बुडवून पाक उचलतात. वर्षानुवर्षं सवय असलेल्या माणसालाही यात चटके बसतात. आम्ही लांब दांड्याच्या डिजिटल थर्मामीटरचा आग्रह धरतो आणि गोळी बघायला डावाने पाक काढून वाटीतल्या पाण्यात टाकायला सांगतो. गुळव्यांची नजर थर्मामीटरपेक्षा मोठी आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण बोटाची गरज नाही.

यानंतरची पाच-सात मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. उतरवणी. जाळ ओढला जातो, कड्यांत दांडे जातात, किंवा चेन-पुली ताणली जाते, आणि पाकाने भरलेली काहील चुलवाणावरून सरकून वाफ्याकडे (गूळ थंड करायच्या उथळ हौदाकडे) कलते. इथे घाई खरी असते, कारण काही क्षण जास्त गेले तर गूळ करपतो. घाई काढून टाकता येत नाही, म्हणून तिच्यातला गोंधळ काढावा लागतो. आमचा क्रम ठरलेला आहे. उतरवणीच्या अर्धा तास आधी वाट झाडायची, सांडलेल्या जागी राख टाकायची. दांडे, कड्या, वेल्डिंग, साखळीचे दुवे दिवसाउजेडी बघितलेले असायला हवेत: कडीच्या आतल्या बाजूला चर पडला असेल तर ती बदलायची, दांड्याला उभी भेग असेल तर तो सरपण. हुकूम एकानेच द्यायचा आणि शब्द आधी ठरलेले हवेत; दोघांनी वेगवेगळं ओरडलं की एक बाजू आधी उचलली जाते आणि पाक उसळतो. वाफ्याच्या पलीकडच्या बाजूला, जिथे पाक कोसळतो, तिथे कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढायला तर नाहीच. पायात पूर्ण बंद बूट, आणि पँट बुटाच्या बाहेर. गमबुटात खोचलेली पँट असेल तर पाक बुटात उतरतो आणि बूट निघेपर्यंत पाऊल शिजतं.

पाण्याचं पिंप याच जागेपासून पाच पावलांत हवं. दोनशे लिटरचं, झाकण असलेलं, तोटी आणि तांब्यासकट, रोज बदललेल्या स्वच्छ पाण्याचं. दोनशे लिटरच का? कारण भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं पाणी सोडायचं असतं आणि मिनिटाला दहा लिटर धरले तर तेवढंच लागतं. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यासारखा नसतो. पाक चिकटतो, घट्ट होतो आणि उष्णता आत सोडत राहतो. म्हणून पुसायचा नाही, ओरबाडायचा नाही. पाणी ओतत राहिलं की तो थंडही होतो आणि विरघळूनही निघतो. सुरुवातीच्या मिनिटातच अंगठी, कडं, घड्याळ, करदोडा काढायचा, कारण सूज आल्यावर निघत नाही. कातडीला चिकटलेलं कापड तसंच ठेवून भोवतीचं कापायचं. वीस मिनिटं चुकली तर नंतरही, तीन तासांच्या आत, पाण्याचा उपयोग होतो. बर्फ नको, तो कातडीचं रक्त तोडतो. मोठी जागा भाजली असेल तर माणूस थंडीने गारठणार नाही हेही बघायचं, भाजलेला भाग थंड आणि बाकी अंग घोंगड्यात.

हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, शेण, अंड्याचा पांढरा, यांतलं काहीही लावायचं नाही. डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं आणि ते काढणं भाजण्याइतकंच दुखतं. पाणी झालं की स्वयंपाकघरातली स्वच्छ प्लास्टिक फिल्म सैल पसरायची, किंवा धुतलेलं सुती कापड. फोड फोडायचे नाहीत. माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. या मापाने दहा तळहातांच्या वर भाजलं असेल तर दवाखान्यात दाखल करावंच लागतं. पण चेहरा, हात, पाऊल, जांघ किंवा सांधा भाजला असेल, कातडी पांढरी किंवा चामड्यासारखी झाली असेल, तिथे दुखतच नसेल, तर जागा लहान असली तरी त्याच दिवशी नेलं पाहिजे. न दुखणारं भाजणं जास्त खोल असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालं नसेल तर घ्यावं.

वाफ्यात गूळ फावड्याने हलवतात, मग कापड घातलेल्या बादल्यांत भरतात आणि रवे निघतात. इथे जखम दिसत नाही, पाठ जाते. फावड्याचा दांडा छातीच्या उंचीपर्यंत यायला हवा. आखूड दांड्याने माणूस कंबरेत वाकून, वळत हलवतो आणि मणक्याच्या चकत्यांना वाकणं आणि पीळ एकदम मिळतो. पारंपरिक रवा ३० किलोचा. उचलण्याच्या वजनाचं जे आंतरराष्ट्रीय गणित वापरतात त्यात अगदी आदर्श स्थितीतही, म्हणजे वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर, न वळता, आकडा २३ किलोचा धरतात. जमिनीवरून, हात लांब करून, वळून उचललं की तो निम्म्यावर येतो. म्हणजे ३० किलोचा रवा जमिनीवरून एकट्याने उचलणं हे गणितात कुठेच बसत नाही, आणि एक गडी दिवसाला कित्येक रवे उचलतो. 'गुडघ्यातून उचला' हा सल्ला आम्ही शेवटी देतो. त्याआधी बादल्या मांडायला अडीच फूट उंच ओटा बांधायला सांगतो. टेम्पोचा हौदा ओट्याच्या जवळपास तेवढ्याच उंचीला लागला तर रवा उचलावाच लागत नाही, सरकवला की झालं. मधे पाऊलभर जागा सोडावी, म्हणजे माणूस कंबर न वळवता पाय वळवतो. व्यापाऱ्याला चालत असेल तर दहा किलोचे रवे करावेत; आता त्यांना मागणीही आहे.

कंबर धरलीच तर दोन-तीन दिवस जड काम बंद, पण अंथरुणाला खिळून राहायचं नाही. सपाट जागी थोडं-थोडं चालत राहिल्याने लवकर बरं वाटतं. मुरगळून सूज आली असेल तर पहिले दोन दिवस थंड शेक, कापडातून, पंधरा मिनिटं. गरम शेक आणि चोळणं नंतर. सुजलेल्या सांध्याची लचक ओढून काढायला कुणाकडे नेऊ नये, आत हाड मोडलेलं असेल तर ते सरकतं. पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवी अडत असेल, बैठकीच्या जागेची संवेदना गेली असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं. यात थांबलेले तास परत मिळत नाहीत.

पेटीत काय असावं ते आम्ही भिंतीवर चिकटवून देतो: निर्जंतुक गॉज, दोन आणि चार इंची पट्ट्या, त्रिकोणी कापड, सलाइनच्या बाटल्या, प्लास्टिक फिल्म, टुर्निके, कात्री, हातमोजे, पिशव्या, ओआरएस, बॅटरी, पेन. मलम आणि डोळ्यांचे थेंब पेटीत नसावेत. पेटीशेजारी गुऱ्हाळाचा पत्ता मोठ्या अक्षरांत: गाव, फाटा, कालव्याचा पूल, कुठल्या बाजूला वळायचं. उसाच्या मधल्या वाटा रात्री सगळ्या सारख्या दिसतात आणि रुग्णवाहिका चुकते. फोन झाला की एक गडी बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभा राहिला पाहिजे.

कागदांचं एक काम हंगामाआधी उरकावं. गुऱ्हाळावरचे गडी बहुधा कुठल्याच विम्यात नसतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, वय १८ ते ७०, बँकेच्या खात्यातून कापला जातो. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख आणि अंशतः कायम अपंगत्वाला एक लाख. तिचं वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत चालतं, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी खात्यात पैसे हवेत. अपघात झाल्यावर दवाखान्यात 'कामावर लागलं' असंच सांगायचं आणि तसंच लिहून घ्यायचं. घरी पडला असं सांगितलं की पुढे सगळे दावे अडतात.

भाजलेला हात बरा झाला म्हणजे कातडी आली, एवढ्यावर गड्याला काहिलीवर परत घेऊ नये. मूठ पूर्ण वळते का, अंगठा करंगळीच्या मुळाला टेकतो का, ओलं फडकं पिळता येतं का, हे बघायचं. यातलं एक जरी जमत नसेल तर उतरवणीच्या दांड्यावर तो हात घसरणार. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहादा, मूठ वळणं आणि बोटं सरळ ताणणं. जखम पूर्ण भरल्यावर साध्या खोबरेल तेलाने व्रणावर अंगठ्याने गोल चोळणं. आणि निदान सहा महिने नव्या कातडीला ऊन लागू न देणं. तोपर्यंत त्याला ऊस मोजणं, थर्मामीटर बघणं, रवे मोजून लिहिणं अशी कामं द्यावीत. मजुरी तीच ठेवावी, नाहीतर तो दुखणं लपवून चौथ्या दिवशी दांड्याला उभा राहतो.